भयकथा वाचता, तर तसं सांगा

मराठी वाचक खोटं बोलतो. ‘सध्या काय वाचताय?’ एवढं विचारायचा अवकाश, त्याच्या तोंडून जी नावं येतात ती त्याच्या उशाशी असलेल्या पुस्तकांची नसतात, त्याला शोभतील अशा पुस्तकांची असतात. एखादं आत्मचरित्र, एखादं वैचारिक, पुरस्कार मिळालेली एखादी कादंबरी. दिवाळी अंकांतले परिसंवाद चाळा, वर्षअखेरीला वर्तमानपत्रांत येणाऱ्या ‘यंदा काय वाचलं’ छापाच्या याद्या चाळा, एखाद्या वाचनकट्ट्यावर तासभर बसून या. भयकथेचं नाव काढणारा माणूस विरळा. आणि भयकथा तर महाराष्ट्रात ढिगानं वाचली जाते. हे मी ऐकीव सांगत नाही. तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलामागे माझी नोकरी झाली. कोण काय घरी नेतं, किती दिवसांत परत आणतं आणि परत आणताना त्याचा चेहरा कसा असतो, हे त्या टेबलामागून जेवढं दिसतं तेवढं साहित्याच्या कुठल्याही प्राध्यापकाला दिसत नाही.

पुरावा हवा असेल तर पुस्तकाचं शेवटचं पान उघडा. तिथे तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. नारायण धारपांच्या भयकथेच्या जुन्या प्रतीत एक चिठ्ठी भरली म्हणून तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी डकवलेली असते. शिक्क्याच्या जांभळ्या तारखा एकमेकींवर चढलेल्या, चार-चार दिवसांच्या अंतरानं. मूळ मुखपृष्ठ कधीच गेलेलं. बाइंडरनं जाड पुठ्ठा आणि कापडी पाठ लावून वर शाईनं नाव लिहिलेलं. पानांचे कोपरे हाताळून काळवंडलेले. मधेच कुणीतरी पेन्सिलीनं समासात लिहून ठेवलेलं, ‘पुढचं रात्री वाचू नये’. शेजारच्याच कपाटात, ज्यांची नावं व्यासपीठावरून घेतली जातात, त्यांतल्या कित्येक ग्रंथांच्या चिठ्ठ्यांवर दोनच तारखा, त्याही मधे काही वर्षं सोडून. पानं पांढरी, बांधणी करकरीत. वाचणारी माणसं तीच, गावही तेच.

टेबलावर भयकथा येते कशी, तेही सांगते. ती एकटी येत नाही. वर चरित्र, खाली मतकरींच्या गूढकथा. आणि मी काही विचारायच्या आत खुलासा येतो. ‘मुलानं मागितलंय.’ ‘सासूबाईंना झोप लागत नाही ना, त्यांच्यासाठी.’ ‘गाडीत वाचायला काहीतरी हलकं हवं होतं.’ मी कधी कोणाकडे खुलासा मागितला नाही. पण मुख्याध्यापकांपासून बँकेच्या अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना तो द्यावासा वाटतो, आणि तीच माणसं वाचनालयाच्या वार्षिक सभेत उठून ‘अलीकडे दर्जेदार वाचन राहिलं नाही हो’ म्हणून हळहळतात. या हळहळीचा मला संताप येतो. ज्या कथेनं तुम्हाला रात्री दोनपर्यंत जागं ठेवलं, तिचा उल्लेख चारचौघांत करायची लाज वाटते, आणि जे पुस्तक विसाव्या पानावर मिटलं त्याचं कौतुक तोंडभर करता, याला ढोंग म्हणतात. दुसरा शब्द नाही.

यात बिघडलं काय, असं विचारणारे आहेत. माणसानं काय वाचावं हा त्याचा खाजगी प्रश्न, असंही म्हणतात. मान्य आहे. खाजगी आहे तर गप्प राहा. पण लोक गप्प राहत नाहीत, दुसऱ्याच पुस्तकाचं नाव सांगतात, आणि त्या खोट्या नावांवर पुढचे सगळे निर्णय होतात.

ते कसे, तर वाचनालयात वेळोवेळी जीर्ण पुस्तकांचं निर्लेखन होतं. दाखल नोंदवहीत त्या क्रमांकासमोर शेरा पडतो आणि पुस्तक रद्दीत जातं. जीर्ण कोणतं पुस्तक होतं? जे वाचलं जातं ते. ज्याला कोणी हात लावत नाही ते पन्नास वर्षं दिमाखात उभं राहतं. गेलेल्या प्रतीच्या जागी नवी घ्यायची तर खरेदी समितीपुढे मागणी असावी लागते, आणि भयकथेची मागणी चारचौघांत कोणी करत नाही. मग समितीतला एखादा म्हणतो, ‘ते जाऊ द्या, त्या पैशात एखादा संदर्भग्रंथ घेऊ.’ संदर्भग्रंथ येतो आणि कपाटात जाऊन बसतो. असं वर्षानुवर्षं होत राहिलं की लोकांनी ज्या पुस्तकांची पारायणं केली नेमकी तीच कपाटातून नाहीशी होतात. उद्या एखादा संशोधक येऊन आमच्या कपाटांवरून विसाव्या शतकातला मराठी माणूस काय वाचत होता हे ठरवू लागला, तर त्याला आम्ही न वाचलेली पुस्तकं सापडतील आणि तो तीच आमची आवड म्हणून लिहून ठेवील.

धारपांचं हेच झालं. १९२५ साली जन्मलेला, रसायनशास्त्राची पदवी घेतलेला हा लेखक शंभरावर पुस्तकं लिहून २००८ साली गेला. भयकथा, विज्ञानकथा, गूढकथा, ‘समर्थ’ या पात्राच्या कथांची अख्खी मालिका. त्यांतली कित्येक पुस्तकं बरीच वर्षं दुकानांत मिळत नव्हती. साकेत प्रकाशनानं नव्या आवृत्त्या काढल्या म्हणून आज निदान काही हाताशी आहेत. ज्या लेखकाच्या पुस्तकांवर वाचनालयांच्या वर्गण्या चालल्या, त्याची सगळी पुस्तकं पहिल्या आवृत्तीच्या सालांसकट एका जागी पाहायची असतील तर हौशी वाचकांनी जमवलेल्या याद्यांवर भिस्त ठेवावी लागते. विद्यापीठांतल्या मराठी विभागांनी याची लाज बाळगावी.

ही लाज आपण कुठून शिकवायला सुरुवात करतो, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पंधरा ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जन्मदिवशी, आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन होतो. एका शाळेनं मला त्या दिवशी पाहुणी म्हणून बोलावलं होतं. फळ्यावर रंगीत खडूनं ‘मी सध्या वाचत आहे’ असं लिहिलेलं, आणि एकेक मूल उठून पुस्तकाचं नाव सांगत होतं, मॅडम ते फळ्यावर लिहीत होत्या. आठवीतला एक मुलगा उठला आणि म्हणाला, ‘नारायण धारपांची कादंबरी.’ वर्ग एकदम जागा झाला. मॅडमचा खडू थांबला.

‘अरे, आज पाहुण्या आल्यात. काहीतरी चांगलं सांग.’

‘मॅडम, चांगलंय ते.’

‘ते राहू दे. दुसरं काय वाचतोस?’

मुलानं क्षणभर वर बघितलं आणि म्हणाला, ‘श्यामची आई.’ फळ्यावर ते नाव आधीच तीन-चारदा होतं, आणखी एकदा लिहिलं गेलं. साने गुरुजींबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच त्यांचं पुस्तक एका मुलाला खोटं बोलायला शिकवण्याच्या कामी लागलं याचा राग आला. माझ्या भाषणाची वेळ आली तेव्हा भाषण बाजूला ठेवून मी त्याला उभं केलं आणि विचारलं, ‘त्या कादंबरीत तुला सगळ्यात भीती कुठं वाटली?’ तो म्हणाला, ‘ते दिसतं तिथं नाही. त्याच्या आधी, घरातले सगळे नेहमीसारखे जेवायला बसतात तिथं.’ इतकं नेमकं बोललेलं मी मोठ्यांच्या कुठल्याही साहित्यिक मेळाव्यात ऐकलेलं नाही. तेरा वर्षांच्या मुलाला जे कळलं, ते कळून घ्यायची त्या मॅडमची इच्छा नव्हती. त्या मॅडम आमच्या वर्गणीदार आहेत. त्या काय नेतात हे मला माहीत आहे.

भीती हा विषयच हलका, असं कोणी म्हणत असेल तर त्यानं मराठीचा इतिहास बघावा. मराठी गद्याची छापील पुस्तकं नुकती कुठे निघू लागली होती, तेव्हा, १८३०च्या सुमारास, सदाशिव काशीनाथ छत्र्यांची ‘वेताळ पंचविशी’ आली. म्हणजे आपल्या छापील गोष्टींच्या सुरुवातीलाच प्रेतात शिरलेला वेताळ बोलतो आहे. १८५७चं ‘यमुनापर्यटन’ पहिली कादंबरी म्हणून आपण अभिमानानं सांगतो. चारच वर्षांनी हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली आणि मराठी कादंबरी बरीच वर्षं अद्भुताच्या वाटेनं गेली. पुढे चिं. त्र्यं. खानोलकरांनी ‘रात्र काळी, घागर काळी’, ‘अजगर’, ‘कोंडुरा’ लिहिल्या. त्यांत कोकणातली भीती पानापानांत आहे. जी. ए. कुलकर्ण्यांच्या कथांत नियतीची जी सावली आहे तिनं कुणाच्या पोटात गोळा आला नसेल तर त्यानं त्या वाचल्याच नाहीत. ही नावं मात्र लोक छाती काढून सांगतात. म्हणजे भीतीचं वावडं नाही. वर ‘साहित्य’ अशी पाटी असली की भीती चालते, आणि ‘भयकथा’ अशी पाटी असली की पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचं.

आणि या पाटीखाली काय दडलं आहे? आपला समाज दडला आहे. मुंजा कोण? मुंज झाली आणि सोडमुंजीआधीच गेला तो मुलगा, पिंपळावर बसलेला. अलवंतीण कोण? बाळंतपणात गेलेली बाई. समंध कोण? मूलबाळ नसताना मेलेला, पुरून ठेवलेल्या धनावरून जीव न हललेला माणूस. पाण्यात ओढणारा गिऱ्हा आणि रात्रीची वाट चुकवणारा चकवा वेगळे. ते विहिरींच्या आणि रानवाटांच्या भीतीतून आले. बाळंतपणात मरणाऱ्या बायका इतक्या होत्या की त्यांच्यासाठी भुतांत एक वेगळी जात लागली, यापेक्षा भयंकर वाक्य मला आपल्या सामाजिक इतिहासाबद्दल सुचत नाही. जिवंतपणी जिचं कुणी ऐकलं नाही तिला मेल्यावर सगळं गाव घाबरतं, आणि ही गोष्ट सांगणाऱ्या वाङ्मयाला आपण टाइमपास म्हणतो.

हे सगळं एकेकाळी शाळामास्तरांनीच लिहून दिलं होतं. नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन, ज्याला २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या घातल्या, त्यानं मुंबई इलाख्यातल्या शाळाशिक्षकांकडून गावोगावच्या समजुती गोळा केल्या होत्या. कुठल्या झाडावर कोण राहतं, कुठल्या विहिरीत कोण आहे, कोणाला काय वाहतात. त्याच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोवेन यांनी ते टिपण संपादून छापलं, त्यातला कोकणचा खंड १९१५चा. ते काम परक्या सरकारच्या अधिकाऱ्यासाठी झालं, त्यामागे राज्य चालवणाऱ्याची नजर होती, हे खरं आहे. पण आपल्या गावाला कशाची भीती वाटते हे सांगायला त्या मास्तरांना कमीपणा वाटला नाही. फळ्यासमोर खडू थांबवणाऱ्या आजच्या शिक्षकांनी तो खंड एकदा तरी वाचावा.

न बोलण्याची किंमत काय पडते याचं सगळ्यात मोठं उदाहरण धारपांच्या रूपांतरांचं आहे. ‘लुचाई’मागे स्टीफन किंगची १९७५ची ‘सेलम्स लॉट’ आहे, ‘शपथ’मागे त्याचीच १९८६ची ‘इट’ आहे, हे जाणत्या वाचकांना ठाऊक आहे. ते कळलं की लोक एकच शब्द फेकतात, चोरी. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं, पुलंनी ‘पिग्मॅलियन’ची ‘ती फुलराणी’ केली. तिथे रूपांतराचं कौशल्य, मराठी मातीत रुजवण्याची कला यांवर लेखच्या लेख आहेत. मूळ लेखकाचं ऋण ठळकपणे छापलं गेलंच पाहिजे, त्यात मी कोणालाही सूट देणार नाही, धारपांनाही नाही. पण ऋणाचा हिशेब मागायलासुद्धा ती पुस्तकं उघडपणे वाचावी लागतात!

आणि त्यात बघण्यासारखं किती आहे! ‘सेलम्स लॉट’मधलं किंगचं गाव अमेरिकेतल्या मेन राज्यातलं. तिथे चर्च आहे, क्रूस आहे, श्रद्धा डळमळलेला पाद्री आहे, आणि मुख्य म्हणजे कबरस्तान आहे. मेलेला माणूस देहासकट जमिनीत आहे, म्हणून तो रात्री उठून येऊ शकतो. ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या ‘ड्रॅक्युला’पासून सगळी रक्तपिपासूंची कथा या पुरलेल्या देहावर उभी आहे. आपण बहुतेक जण मृतदेह जाळतो. चितेवरून देह परत येत नाही. परत येते ती वासना, इच्छा, अपुरी राहिलेली गोष्ट. म्हणून आपलं भूत झाडाला धरून, विहिरीला धरून, वाड्याला धरून राहतं. मग पुरलेल्या देहाची भीती जाळणाऱ्या समाजात आणताना लेखकानं काय काय बदललं, क्रूसाच्या जागी काय ठेवलं, पाद्र्याच्या ढळलेल्या श्रद्धेचं काय केलं, मूळ कादंबरीतल्या वाड्याचं काम कोणत्या घराला दिलं? दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून एम.ए.च्या वर्गात सहा महिने शिकवता येईल असा हा विषय आहे. वाचकांनी ही पुस्तकं वाचली लाखांनी आणि चर्चा केली शून्य.

२०१८ साली ‘तुंबाड’ चित्रपट आला तेव्हा सगळ्यांना एकदम धारपांचा उमाळा आला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं धारपांची गोष्ट सांगितली, तिथून या चित्रपटाचं बीज पडलं. ती गोष्ट ‘आजी’, आणि तिच्यामागे पुन्हा किंगचीच ‘ग्रॅमा’. चित्रपटाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून सुचलेलं. व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाची सुरुवात या चित्रपटानं झाली. पडद्यावर हिंदीत आणि व्हेनिसचा शिक्का लागून आल्यावर ज्यांनी ‘आमचे धारप’ म्हटलं, त्यांनी त्याआधी कधी ते नाव चारचौघांत घेतलं होतं? झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ लागायची तेव्हा अख्खी घरं जेवणाची ताटं घेऊन टीव्हीसमोर बसायची आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यावर बोलायची. बघायला लाज नाही, वाचायला आहे.

आता एका आक्षेपाला मात्र मी मान देते, कारण तो घेणारी माणसं प्रामाणिक आहेत. भयकथा अंधश्रद्धा वाढवते, असं ते म्हणतात. ज्या महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतरच जादूटोणाविरोधी कायदा झाला, तिथे हा प्रश्न टाळता येत नाही, टाळूही नये. माझं उत्तर असं की कथा वाचून घाबरणारा माणूस पुस्तक मिटतो आणि दिवा लावतो. मांत्रिकाकडे जाणाऱ्याला ते पुस्तक मिटता येत नाही, त्याची शेती, त्याची पोर, त्याचे पैसे त्यात गेलेले असतात. पण एवढं बोलून माझी सुटका होत नाही. धारपांच्या समर्थांच्या कथांत माणसं हतबल होतात आणि मग अधिकारी पुरुष येऊन अरिष्ट दूर करतो. हे पुन्हा पुन्हा वाचताना मला खटकत आलं आहे. संकटात माणसानं काय करावं, तर योग्य गुरू शोधावा, असं जर शंभर गोष्टींतून वाचकाच्या मनावर ठसत असेल तर ते निरुपद्रवी नाही. त्याच मराठीत रत्नाकर मतकरींनी गूढकथा लिहिली. दिवसा बँक ऑफ इंडियात नोकरी करणारा, बालरंगभूमी उभी करणारा, नर्मदा बचाव आंदोलनाच्या बाजूनं उभा राहणारा हा लेखक. ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’, ‘फाशी बखळ’, ‘निजधाम’ हे संग्रह काढून बघा. तिथे तारणहार बहुधा येत नाही. भीती नात्यांतून, हव्यासातून, केलेल्या पापाच्या आठवणीतून उगवते आणि पात्राला तिथेच सोडून कथा संपते. या दोन लेखकांमधला हा फरक मराठी वाचकानं कडाडून भांडून मांडायला हवा होता. पण भांडायला आधी कबूल करावं लागतं की मी दोघांनाही वाचलं आहे. अंधश्रद्धेच्या अंगानं भयकथेवर खरी टीकाही आपल्याकडे धड झाली नाही, तिचं कारण हेच. न वाचता नाक मुरडणं म्हणजे टीका नव्हे.

अमेरिकेत सगळं आलबेल होतं असं नाही. २००३ साली स्टीफन किंगला अमेरिकेच्या नॅशनल बुक फाउंडेशननं साहित्यातल्या योगदानाचं पदक दिलं, तेव्हा येलचे समीक्षक हॅरॉल्ड ब्लूम जाहीरपणे तुटून पडले. मला ब्लूमांचं म्हणणं पटत नाही. तरी त्यांचा हेवा वाटतो, कारण तिथे वाद झाला, नावानिशी झाला, वर्तमानपत्रांत झाला. आणि किंगनं त्याआधीच, १९८१ साली, ‘डान्स मकाब्र’ लिहून आपण कुठल्या भयकथा वाचल्या, त्यांत काय बरं आणि काय टाकाऊ, हे पानंच्या पानं सांगून शेवटी पुस्तकांची यादी जोडली होती. आपल्याकडे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद विज्ञानकथा लिहिणाऱ्या जयंत नारळीकरांना २०२१ साली मिळालं, चांगलं झालं; ते मिळायला जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञ असावं लागलं. मतकरी २०२० साली गेले. धारप त्याच्या बारा वर्षं आधी. दोघांनाही ते मिळालं नाही.

आता जे उघडपणे सांगतात त्यांच्याकडे वळते, कारण त्यांनाही मी सोडणार नाही. भयकथेचे उघड चाहते आहेत, तरुण आहेत, उत्साही आहेत. पण त्यांचं सांगणं ऐका. ‘एकदम भारी.’ ‘अंगावर काटा.’ ‘रात्री एकट्यानं वाचू नका.’ संपलं. हे काय सांगणं झालं? टुकार पुस्तकालाही हीच तीन वाक्यं आणि उत्तम पुस्तकालाही हीच. त्यामुळे दर पावसात उगवणाऱ्या, मोकळ्या केसांची बाई आणि पांढरी साडी यापलीकडे न जाणाऱ्या गोष्टी आणि हृषीकेश गुप्त्यांसारख्या लेखकाच्या ‘दंशकाल’, ‘हाकामारी’सारखं गंभीर काम, सगळं एकाच टोपलीत पडतं. बाई मेली की भूत आणि पुरुष मेला की फोटोला हार, या आळशी लेखनाला चाहत्यांनीच फटकारायला हवं. ते फटकारत नाहीत. प्रेम आहे म्हणून सगळंच गोड मानून घेतात, आणि मग नाक मुरडणाऱ्यांना आयतं बोट दाखवायला मिळतं.

सांगायचं कसं, तर शर्ली जॅक्सनच्या ‘द लॉटरी’ या कथेचं बघा. २६ जून १९४८च्या ‘न्यूयॉर्कर’मध्ये ती आली. उन्हाळ्याची छान सकाळ, गावकरी चौकात जमलेत, पोरं खिशात गोटे भरून ढीग रचतायत. चिठ्ठ्या निघतात, काळ्या ठिपक्याची चिठ्ठी एका बाईला येते, आणि तिचे शेजारी, तिचं कुटुंब तिला दगडांनी मारायला पुढे होतात. माझ्या मते सगळी भीती त्या पहिल्या पानावरच्या पोरांच्या गोट्यांत आहे. आपण ते वाचतो, पाहतो आणि खेळ समजून सोडून देतो; शेवटाला कळतं की गावातल्या पोरांनासुद्धा ठाऊक होतं, आपल्यालाच नव्हतं. त्या उन्हाळ्यात जॅक्सनला तीनशेच्या वर पत्रं आली, त्यांतली बहुतेक शिव्याशापांची किंवा गोंधळलेली. हे असं खरंच कुठे होतं, आणि बघायला जाता येईल का, असं विचारणारेही निघाले. पण वाचकांनी लिहिलं. मला हे आवडलं नाही, मला हे कळलं नाही, मला याचा राग आला, असं नावानिशी लिहिलं. त्या पत्रांमुळे आज त्या कथेचा इतिहास सांगता येतो. धारपांच्या, मतकरींच्या कथांनी महाराष्ट्रातल्या घराघरांत काय केलं याचा इतिहास कशावरून सांगणार? पेन्सिलीनं लिहिलेल्या समासातल्या ओळींवरून? त्याही रद्दीत गेल्या.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती मी वर्गणीदारांकडेच करते. बऱ्याच वाचनालयांत टेबलावर मागणीची वही असते. तीत लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव, आपला वर्गणीदार क्रमांक लिहायचा आणि सही करायची. ‘मुलासाठी’ असं पुढे लिहायचं नाही. जमलं तर एक ओळ जोडायची, हे पुस्तक का हवं किंवा याच लेखकाचं आधीचं का आवडलं नाही. आमच्याकडे खरेदीच्या बैठकीत त्या वहीतलं पान समितीपुढे वाचलं जातं. मी स्वतः ते वाचत आले आहे. आजवर त्यात स्पर्धा परीक्षांची पुस्तकं होती, आरोग्याची होती, पाककृतींची होती. ज्या पुस्तकासाठी लोक टेबलाशी येऊन आवाज उतरवून ‘ते परत आलं का हो?’ विचारतात, त्या पुस्तकापुढे सही मात्र मी क्वचितच पाहिली.